सत्यभामाबाईंचा उजवा हात

सत्यभामाबाई आणि मी एकाच माहेरच्या, आष्टीकडच्या. ती माझ्याहून बरीच मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणते आणि तिच्या नवऱ्याला, म्हणजे अर्जुनरावांना, दाजी. मांजरसुंब्याच्या घाटावर आमचं गाव. तिथे शेजारी शेजारी आमची घरं, मध्ये छातीएवढी मातीची भिंत. मी गावातल्या अंगणवाडीची सेविका. पोरांची वजनं करायची, खिचडी शिजवायची आणि वरून सांगतील ते काम निमूटपणे करायचं. 'निमूटपणे' हे आपलं लिहायला बरं दिसतं म्हणून लिहिलं. माझं तोंड सगळ्या गावाला माहीत आहे.

अक्काबद्दल सांगायचं तर तिच्या हातांपासून सुरुवात करावी लागते, कारण तोंडानं ती फार बोलायचीच नाही. हात आखूड, रुंद, नेहमी कशाला तरी लागलेले. भाकरी थापायच्या, गोवऱ्या थापायच्या, निंदायचं, पाणी शेंदायचं, आणि सकाळ-संध्याकाळ धार काढायची. धार काढण्यात तिचा हात गावात नावाजलेला होता. एखाद्याची नवी व्यालेली म्हैस अंगाला हात लावू देत नसली की तो माणूस अक्काकडे यायचा. ती जाऊन म्हशीच्या पाठीवर हात ठेवायची, कानाशी काहीतरी पुटपुटायची आणि खाली बसायची. काय पुटपुटतेस म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाली, घरचं सांगते.

तिचा एकुलता मुलगा चाकणला कंपनीत. तो सणाला यायचा आणि सण संपायच्या आत जायचा. घरात ही दोघंच. दाजींची पाच एकर कोरडवाहू जमीन, पण त्यांचा जीव गावच्या दूध संस्थेत. कधीकाळी एकदा ते तिथे संचालक होते, पुढच्या निवडणुकीत थोडक्यात पडले, आणि तेव्हापासून 'माजी' हा शब्द त्यांना काट्यासारखा टोचत होता. माणूस वाईट म्हणता येणार नाही. दारू नाही, बायकोवर हात उगारणं नाही, कुणाला तोडून बोलणं नाही. फक्त 'लोक काय म्हणतील' हे लहानपणीच कुणीतरी त्यांच्या डोक्यात खिळ्यानं ठोकून ठेवलं होतं. परसाकडे जाताना सुद्धा ते टोपी सरळ करून जायचे.

त्यांच्याकडे दुभती अशी एकच म्हैस, शेवंता. तिचं रेडकू पौषात मेलं. त्यानंतर ती एकहाती झाली. म्हणजे अक्का कासेला बसली तरच पान्हा सोडायची, दुसरं कुणी बसलं की सगळं दूध वर चढवून धरायची, नाहीतर लाथ झाडायची. एकहाती जनावर म्हणजे घरच्या बाईला माहेर बंद, आजारपण बंद. अक्का हे सगळ्यांना हसून सांगायची. खरं म्हणजे तिला त्याचा थोडा अभिमानही होता.

त्या सालचा दुष्काळ म्हणजे दोन हजार एकोणीसचा. माघातच गावाला टँकर सुरू झाला. अक्का शेवंताला पाणी पाजायला हाळावर घेऊन निघाली होती आणि सवयीप्रमाणे दाव्याचा वेढा मनगटाला घातलेला होता. वाटेत टँकर हौदात पाणी सोडत होता. दिवसभराच्या तहानेल्या म्हशीला पाण्याचा वास लागला आणि ती उधळली. अक्का फरफटत गेली. खांद्यात जुनं लुगडं फाटावं तसा आवाज झाला, असं ती म्हणाली.

मग हळदीचा लेप झाला. मग शेजारच्या गावचा हाड बसवणारा झाला. त्यानं हात ओढून आणखी वाट लावली. आठवड्यामागून आठवडे गेले, धार ती तशीच काढत राहिली, आणि एक दिवस ती कुंकू लावायला डाव्या हातानं उजवा हात उचलून कपाळाकडे नेताना मला दिसली. मी दाजींना काही विचारलं नाही, दोघांनाही गाडीत घातलं आणि बीडला नेलं. मशीनमध्ये घालून बघितल्यावर डॉक्टर म्हणाले की खांदा फिरवणाऱ्या स्नायूचं टोक हाडापासून सुटलं आहे, ते परत शिवावं लागेल. सरकारी योजनेत होळीच्या आधी ऑपरेशन झालं.

घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून नीट समजावलं. तरुण माणूस होता, पण कंटाळा न करता सांगत होता. दीड महिना हात झोळीत. झोपताना पाठीला उशा लावून अर्धवट बसून झोपायचं. उठताना त्या हातावर भार द्यायचा नाही. झोळी निघाली म्हणजे हात बरा झाला असं समजायचं नाही, त्यानंतर नुसता व्यायाम. चहाचा कप चालेल, पाण्याची बादली नाही. ओढायचं नाही, ढकलायचं नाही, जोर लावायचा नाही, दिवाळीपर्यंत तरी नाही. मग त्यांनी विचारलं, बाई काय काम करतात?

दाजी म्हणाले, "काही न्हाई. घरीच असते."

डॉक्टर म्हणाले, मग बरं आहे, विश्रांती मिळेल. माझ्या अंगाची लाही झाली. मी पाढा वाचला, धार काढते, शेतात जाते, डोक्यावर पाणी आणते. धार म्हटल्यावर डॉक्टरांनी मान वर केली.

"धार अजिबात नाही," ते म्हणाले. "मी नुसतं शिवलंय. ते हाडाला धरायला महिने लागतात. उसवलं तर दुसऱ्यांदा शिवता येईलच असं नाही. मग हा हात कधी वर जाणार नाही."

हे आम्ही तिघांनीही ऐकलं. इतक्या सरळ शब्दांत ऐकलं.

पुढचे दिवस अक्कासाठी फार वाईट गेले. दुखण्यापेक्षा बसून राहण्यानं ती खचली. तिची वेणीफणी मी करायची, नऊवारीचा कासोटा मीच घालायची. तेव्हा माझं काम होईपर्यंत ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. रात्री धान्याच्या कणगीला टेकून झोपायची. भाकरी मी थापायची, तर तव्यावरच्या भाकरीकडे ती अशी बघायची की जणू मी तिच्या घरात चोरी करते आहे. बघायला येणाऱ्या बायांची तऱ्हा आणखी वेगळी. प्लास्टर नाही, पट्टी नाही, वर लुगड्याचा पदर. हात तर चांगला दिसतोय की, असं म्हणून त्या चहा पिऊन जायच्या. पाय मोडून प्लास्टरमध्ये पडली असती तर गावानं तिला महिनाभर पेज आणून पाजली असती. आत शिवलेलं कुणाला दिसत नव्हतं, त्यामुळे कुणाचा विश्वासही नव्हता.

शेवंताचं काय झालं, तेही सांगायला हवं. आम्ही दवाखान्यात होतो तेव्हा भावकीतल्या दोघी बसून बघून थकल्या. कास फुगून आली. तेव्हा आमच्या आळीतल्या छबुबाईनं दाजींना जुना उपाय सांगितला. या छबुबाईचं सत्तरीच्या पुढचं वय आणि जिभेला हाड नाही. एकहाती म्हैस वासानं माणूस ओळखते, तर बायकोचं अंगावरचं, न धुतलेलं लुगडं नेसायचं, तिच्या बांगड्या हातात अडकवायच्या आणि बसायचं.

अक्का घरी आली त्याच दिवशी संध्याकाळी गोठ्यातून मला कुजबूज ऐकू आली. मी भिंतीवरून डोकावले. गोठ्याचं दार लावलेलं, वरच्या फटीतून दिसत होतं. दाजी अक्काचं हिरवं लुगडं गुंडाळून, डोक्यावरून पदर घेऊन म्हशीखाली बसले होते. पदरातून मिशा बाहेर आलेल्या. "माजी बाय, माजी शेवंता" असं बारीक आवाजात चाललेलं, आणि चरवीत धार वाजत होती. मी पदराचा बोळा तोंडात कोंबून घरात पळाले. नंतर अक्काला सांगितलं तेव्हा ती खांदा धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग हसू आवरून म्हणाली, बाहेर कुठं बोलू नको बाई.

मी बोलले नाही. दीड महिना दाजींनी दार लावून लुगडं नेसलं आणि म्हैस राखली. त्याबद्दल त्यांना मानलंच पाहिजे.

आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास झोळी निघाली. हात बारीक झाला होता, भुईमुगाच्या वाळक्या वेलासारखा. व्यायाम सुरू झाले. पुढे वाकून हात लोंबता सोडायचा आणि झुलवायचा. काठी दोन्ही हातांनी धरून डाव्यानं उजव्याला वर ढकलायचं. भिंतीसमोर उभं राहून बोटं मुंगीसारखी वर चालवायची. ती रोज सकाळी भिंतीपाशी उभी राहायची आणि मी अंगणवाडीला जाण्याआधी शेजारी उभी राहून बघायची. बोटं आधी छातीपर्यंत गेली, मग हनुवटीपर्यंत, मग कोनाड्याच्या खालच्या काठाला लागली. स्वतःचा अंबाडा स्वतः घालायचा, एवढंच तिनं मनाशी ठरवलं होतं. "तुज्या हातचा अंबाडा ढिला ऱ्हातो," असं मला चिडवायचीही. मला वाटलं, निभावलं.

त्याच सुमारास आमच्या गावाला चारा छावणी मंजूर झाली. दूध संस्थेनं चालवायची छावणी, रस्त्याकडेच्या गायरानात. तिच्यासाठी दाजींनी तहसीलचे उंबरठे झिजवले होते, ते खोटं नाही. हिरव्या जाळीचे मांडव, लांबच लांब दावणी, उसाच्या मोळ्या, पाण्याचे टँकर. आजूबाजूच्या सगळ्या गावांची जनावरं आणि त्यांच्याबरोबर बाजा टाकून बसलेली माणसं. जो दावणीला जनावर बांधेल त्यालाच चारा, घरी नेऊन घालायचा नाही, असा नियम. दूध संस्थेनं संकलनही तिथेच सुरू केलं. म्हणजे धारा काढायच्या त्या छावणीतच, चारचौघांत, उघड्यावर. छावणीची देखरेख दाजींकडे आली. पांढरे कपडे घालून ते दावणीतून फिरायचे आणि लोक त्यांना 'अर्जुनराव, आमच्याकडं उसाचे वाढे कमी आले' असं म्हणायचे. पावसाळ्यानंतर संस्थेची निवडणूक होती. कितीतरी वर्षांनी दाजींच्या चेहऱ्यावर तेज दिसत होतं.

शेवंताही छावणीत गेली. घरी तिला घालायला काडी नव्हती.

पहिल्या संध्याकाळी दाजी धोतरावरच कासेला बसले. शेवंतानं चरवी उडवली. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. त्याच दावणीत छबुबाईची गाय होती. ती तिथूनच सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आरं अर्जुना, घरी नेसतूस तसं नेस की लुगडं. माजा मालक जलमभर नेसला."

आसपासची चार माणसं हसली. दाजींचा चेहरा उतरला. ते चरवी तिथेच टाकून उसाच्या गाडीकडे निघून गेले.

त्या दिवशी ते घरी आले तेव्हा मी अक्काच्या चुलीवर भाकरी करत होते. ते जेवले. मग भिंतीकडे बघत म्हणाले की कास दगडासारखी झालीय, सड सुजायला लागलेत, दोन दिवसांत म्हैस आटणार. अक्काला ये म्हणाले नाहीत. नुसतं सांगितलं आणि हात धुतले. या पद्धतीनं सांगणं मला चांगलं ओळखीचं आहे. आमच्याकडच्या पुरुषांना काही मागायचं असलं की ते बातमी देतात.

मी म्हटलं, दाजी, घरी नेसत होता तसं तिथं नेसा. त्यात काय झालं?

"केशर, तिथं धा गावची माणसं हायती," ते म्हणाले. "उद्या त्यांच्याच म्होरं हात जोडून हुभं ऱ्हायचंय."

ती निवडणूक पुढे बिनविरोध झाली. कुणापुढे हात जोडायची वेळच आली नाही. पण तेव्हा हे कुणाला माहीत होतं?

मी आणखी बोलणार होते, पण अक्कानंच मला गप्प केलं. "त्यांनी न्हाई नेसायचं तिथं," ती म्हणाली. "माज्या मालकाला लोकं हसलेले मला न्हाई चालायचे."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपाशी व्यायामाला ती नव्हती. अंगणवाडी उरकून मी तडक छावणीत गेले. काय झालं ते मला तिथेच कळलं. आधी ती नुसती शेवंताजवळ उभी राहिली होती, वासानं पान्हा सोडेल आणि दाजी काढतील म्हणून. शेवंतानं पान्हा सोडला, दाजी बसले, तिनं परत चढवला. मग अक्का डाव्या हातानं बसली. एका हातानं धार काढायला वेळ लागतो, म्हैस चुळबुळ करायला लागली. मग उजव्या हाताचा नुसता आधार. संध्याकाळच्या धारेला मी मुद्दाम परत गेले, तेव्हा ती दोन्ही हातांनी धार काढत होती. कपाळावर घाम होता आणि ओठ दातांखाली धरलेला.

माझी जीभ सुटली. ती खाली मान घालून ऐकत राहिली आणि धार काढत राहिली. शेवटी म्हणाली, झोळी तर निघालीय की, आणि लई दुखत न्हाई. शेजारच्या बाजेवर आश्रुबा नावाचा एक म्हातारा शेतकरी तंबाखू मळत बसला होता. तोही म्हणाला, बाई आली म्हणून म्हैस वाचली. सगळे खूश होते. दाजी लांब उसाच्या काट्यापाशी उभे होते, आमच्याकडे पाठ करून. मी तिथे गेले.

"दाजी, डॉक्टर काय म्हणाले ते आठवतंय ना?"

"म्या सांगितलं का तिला ये म्हणून?"

"नको येऊ म्हणून तरी सांगितलं का?"

ते मोळ्या मोजणाऱ्या माणसाकडे बघत राहिले. 

त्यानंतर ती रोज दोन वेळा जायला लागली. तिच्या आणि माझ्यात त्यावरून अबोला झाला, मग तोही मोडला, कारण तिचा कासोटा घालायला मीच लागायची. सकाळी भिंतीपाशी ती उभी राहायची खरी, पण बोटं आता कोनाड्याला लागत नव्हती. हनुवटीपर्यंत गेली की ती म्हणायची, आज कंटाळा आलाय. काही दिवसांनी मी आले की तिचा व्यायाम झालेला असायचा. मी रागावून म्हटलं, माझ्यासमोर कर. तर पदर सारखा करत म्हणाली, तू काय मास्तरीण हायस का माजी? मी तेव्हाच तिला ओढून बीडला न्यायला हवं होतं की काय, हा विचार करून काही उपयोग नाही. ती आली नसती.

ज्येष्ठात एका संध्याकाळी वावधान सुटलं. पाऊस नाही, नुसती धूळ आणि वारा. मांडवाची जाळी एका बाजूनं सुटली आणि फाडफाड करत शेवंताच्या पाठीवर आली. म्हैस बिचकली, तिचा मागचा पाय चरवीवर आला. अक्काच्या जागी दुसरं कुणी असतं तर मागे सरकलं असतं. तिनं उजव्या हातानं भरलेली चरवी उचलून बाजूला घेतली. त्यात विचार करायला वेळ नव्हता. तीस-पस्तीस वर्षं दूध सांडू न देणारा हात आपोआप गेला.

दूध सांडलं नाही. ते तिनं संकलनाला घातलं आणि चालत घरी आली. मी वाढलेली भाकरी तिनं डाव्या हातानं मोडली, तेव्हा मला कळायला हवं होतं. एक तुकडा खाऊन म्हणाली, दमलेय, भूक नाही. मीही जास्त विचारलं नाही. ती दोन दिवस लपवत राहिली, धारही डाव्या हातानंच काढत राहिली. तिसऱ्या दिवशी वेणी घालताना माझा हात तिच्या खांद्याला लागला आणि तिच्या तोंडून आवाज निघाला. मी म्हटलं, हात वर कर. तिचा खांदा कानाकडे गेला. हात जागचा हलला नाही.

बीडला परत तेच डॉक्टर. मशीन झाली. त्यांनी बराच वेळ फिल्म उजेडाला धरली आणि मग खाली ठेवली. काय उचललं होतं, असं त्यांनी विचारलं. अक्का म्हणाली, काही न्हाई. दाजी शेजारीच बसले होते, पायातल्या चपलांकडे बघत. डॉक्टर रागावले नाहीत, तेच मला जास्त लागलं. ते म्हणाले की टोक नुसतं सुटलेलं नाही, विरलं आहे. शिवण घालायला कापडच राहिलं नाही. दुखणं कमी होईल, पण हात आता एवढाच. अक्कानं एकच विचारलं, भाकर थापता येईल का. खाली बसून, कमरेच्या खाली येईल, डॉक्टर म्हणाले, पण वर नाही. डोक्यावर घागर नाही, केसांपर्यंत हात नाही. तिनं मान हलवली. ती रडली नाही.

परत येताना मांजरसुंब्याला गाडी थांबली. दाजी खाली उतरून तीन चहा घेऊन आले. त्यांनी कप अक्काच्या उजव्या बाजूनं पुढे केला, मग लक्षात आल्यावर वळसा घालून डावीकडे आले. 

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दाजी माझ्या दारात उभे. रात्रभर झोपले नसावेत. खाली बघतच म्हणाले, "केशर, तिच्या अंगावरचं कालचं लुगडं दे. मला हात लावायचा धीर हुईना."

ते तिच्या खोलीत दोरीवर लोंबत होतं. मी आणून दिलं. त्यांनी ते काखेत मारलं आणि छावणीकडे चालायला लागले. मी मागोमाग गेले. का गेले ते खरं सांगते, लोक त्यांना हसताना मला बघायचं होतं. त्यांचं हसं व्हावं, दहा गावांत व्हावं, अशी माझी मनापासून इच्छा होती.

छावणी जागी झाली होती. उसाच्या गाडीपाशी रांग लागलेली. माणसं कुणी शेण भरत होती, कुणी तोंड धूत होती. दाजी शेवंतापाशी गेले. त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली आणि सगळ्यांसमोर लुगडं गुंडाळायला लागले. ते दोनदा सुटलं. डोक्यावरून पदर घेतला. बांगड्या आणायला ते विसरले होते. मग चरवी घेऊन बसले आणि बारीक आवाजात शेवंताशी बोलायला लागले.

मी वाट बघत उभी राहिले. रांगेतल्या काही जणांनी वळून पाहिलं आणि परत उसाकडे तोंडं केली. एका माणसाची गाय रात्री बसली होती ती उठत नव्हती, चौघं जण तिला शेपटीला धरून उठवत होते, सगळ्यांचं लक्ष तिकडे. आश्रुबा बाजेवरून म्हणाला, "अर्जुनराव, पदर वर घ्या, शेणात लोळायलाय." एवढंच. छबुबाईनं सुद्धा नुसतं सांगितलं, जरा डावीकडं सरक, तिला तिकडूनच सवय हाय. त्या उन्हाळ्यात तिथे कुणाच्याही अंगात दुसऱ्याला हसण्याइतकं बळ राहिलेलं नव्हतं, आणि बहुतेक जुन्या माणसांनी आपल्या घरात हे बघितलेलंही होतं. शेवंतानं थोडा वेळ मान वळवून हुंगलं आणि पान्हा सोडला.

दुपारी दाजी घरी आले तेव्हा मी अक्कापाशी बसले होते. मला वाटत होतं की छावणीतलं त्यांनी सांगू नये. मी डोळ्यांनी खुणावलं सुद्धा. पण मोठं ओझं उतरल्यासारखे ते उंबऱ्यातच बसले आणि सांगायला लागले. शेवंता आता आटायची नाही, तू काळजी करू नको, दोन्ही वक्ताला मीच बसणार, सगळ्यांसमोर नेसलो. तिला धीर यावा म्हणून सांगत होते, हे मला दिसत होतं.

अक्का ऐकत होती. मग तिनं विचारलं, "लई हसले का लोकं?"

"छे," दाजी म्हणाले. "कुणी हसलं न्हाई. आश्रुबा तर म्हनला, पदर सांभाळा."

"एक बी न्हाई हसलं?"

"एक बी न्हाई."

ती माझ्याकडे वळली. मी खोटं बोलायला हवं होतं, हसले म्हणायला हवं होतं, पण ते मला सुचलं नाही. मी गप्प राहिले, आणि तिला कळलं.

दवाखान्यात न रडलेली अक्का तेव्हा रडायला लागली. तोंड झाकायला तिनं सवयीनं उजव्या हातानं पदर धरला, पण हात अर्ध्यातच अडला आणि तिचं रडणं आम्हा दोघांना तसंच उघडं दिसत राहिलं.

"मंग म्या कशापायी गेलते?" ती म्हणाली.

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी तिचा पदर उचलून तिच्या तोंडावर धरला.